दाखला नाही म्हणून प्रवेश नाही? सरकारी शाळेतल्या मुलांचे हक्क आणि आपण



दिवाळीची सुट्टी संपली, कारखान्यांची धुराडी पेटली की आमच्या भागातल्या शाळांमध्ये एक प्रश्न हमखास येतो. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातलं मूल शाळेच्या दारात उभं असतं. सोबत आई असते, नाहीतर आजी. हातात कागद कुठलाच नसतो. आणि आपल्या तोंडून सवयीने पहिला प्रश्न निघतो, "दाखला आणलाय का?"

या एका प्रश्नावर किती मुलांचं शिक्षण अडलं असेल, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. म्हणून आजच्या लेखात सरकारी शाळेत शिकणाऱ्या मुलाला कायद्याने नेमकं काय दिलं आहे, ते जरा सविस्तर बघूया. मी वकील नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी शिक्षिका आहे. पण मी डी.एड. करत होते तेव्हा हा कायदा नवाकोरा होता, परीक्षेला त्यावर प्रश्न यायचे, आणि तेव्हापासून त्याचं पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात आहे. कलमं पाठ करायची गरज नाही. पण कुठल्या कलमात काय आहे हे माहीत असलं, तर ऑफिसात बोलताना आवाज थोडा ठाम होतो, एवढं नक्की.

कायदा आला कुठून?

'बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९' हे त्याचं पूर्ण नाव. आपण सगळे त्याला आरटीई म्हणतो. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्याचे स्वतःचे नियम केले.

पण ही मागणी आपल्या मातीत फार जुनी आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, असं त्यात त्यांनी मागितलं होतं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर ते सक्तीचं केलं. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये तसंच विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया, बरं का!

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या कलम ४५ मध्ये दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत शिक्षण देण्याचा प्रयत्न करू, असं लिहिलं गेलं. ते मार्गदर्शक तत्त्व होतं, त्यासाठी कोर्टात जाता येत नव्हतं. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. २००२ मध्ये ८६वी घटनादुरुस्ती होऊन कलम २१-क आलं, आणि त्यातून हा कायदा. फुल्यांच्या निवेदनापासून मोजलं तर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लागला. हा इतिहास पाचवी ते आठवीच्या वर्गात जरूर सांगा. मुलांना शाहू महाराजांचा दंड फार आवडतो. "मॅडम, आता दंड का नाही?" हा प्रश्न हमखास येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे.

सक्ती नेमकी कोणावर?

बहुतेक पालकांना वाटतं, सक्तीचं शिक्षण म्हणजे आपल्यावर सक्ती. काही शिक्षकही तसंच बोलतात. "मुलाला पाठवा, नाहीतर कायद्यात बसेल," असा दम देतात. कायदा वाचला तर चित्र उलटं आहे. कलम ८ मध्ये 'सक्तीचं शिक्षण' याचा अर्थ दिला आहे. प्रत्येक मुलाला शिक्षण उपलब्ध करून देणं आणि त्याचा प्रवेश, त्याची हजेरी व आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होणं याची खात्री करणं, हे शासनाचं बंधन. पालकांचं कर्तव्य कलम १० मध्ये सांगितलं आहे, पण त्याला दंड जोडलेला नाही.

म्हणजे मूल शाळेत येत नसेल तर पहिला जाब शासनाला आहे. आणि गावात शासन म्हणजे कोण? जिल्हा परिषद, पंचायत समिती, आणि शेवटच्या टोकाला आपण, शाळा. हे ओझं आहे हे मला मान्य आहे. पण मजुरी बुडवून मुलाचा हात धरून आलेल्या बाईवर ते ओझं टाकण्यापेक्षा ते आपल्याकडे असणं मला जास्त न्याय्य वाटतं.

'मोफत' या शब्दाचंही तसंच. कलम ३ म्हणतं की मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्यापासून अडवेल अशी कुठलीही फी, आकार किंवा खर्च त्याच्यावर लादता येणार नाही. त्यात फक्त वर्गाची फी येत नाही. सहलीचे पैसे, स्नेहसंमेलनाची वर्गणी, झेरॉक्सचे पैसे दिले नाहीत म्हणून निकालपत्रक अडवणं हे सरळ या कलमाच्या विरोधात आहे. लोकवर्गणी ऐच्छिक असते. ज्यांनी दिली त्यांची यादी फळ्यावर लिहिली, की ती ऐच्छिक राहत नाही.

दाखला, आधार आणि पोर्टल

आता मूळ मुद्द्यावर येते. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच गळतात.

कलम ५ सांगतं की मुलाला कोणत्याही कारणासाठी एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जावं लागलं, मग ते राज्यात असो की राज्याबाहेर, तर त्याला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आहे. आणि त्यापुढचं वाक्य तर घरी भिंतीवर लावावं असं आहे. दाखला मिळायला उशीर झाला, या कारणाने नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा नाही आणि नाकारायचाही नाही. जो मुख्याध्यापक दाखला द्यायला उशीर करेल, तो सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र आहे.

जन्माच्या दाखल्याचं काय? कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्मनोंद नसेल तर दवाखान्याच्या किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरमधली नोंद, अंगणवाडीतली नोंद, तेही नसेल तर पालकांचं प्रतिज्ञापन चालतं. उशीर झाला असेल तर? कलम १५ आहे. वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलालाही प्रवेश द्यायचाच. मूल कधी शाळेतच गेलं नसेल किंवा मधेच सुटलं असेल तर? कलम ४ प्रमाणे त्याला वयानुरूप वर्गात बसवायचं, आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. हे प्रशिक्षण तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालू शकतं. असं मूल चौदा वर्षांचं झालं तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याचं शिक्षण मोफतच राहतं, हे फार कमी पालकांना माहीत असतं.

आणि कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांमध्ये एक ओळ अशी आहे की स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांच्या प्रवेशाची खात्री करणे. थेट तसे शब्द आहेत. ऊसतोड, वीटभट्टी, दगडखाण, रस्त्याची कामं, मेंढपाळ, सगळी कुटुंबं यात आली.

कोरोनाच्या काळात, २०२१ साली, आपल्या शासनानेही वेगळा निर्णय काढून सांगितलं होतं की दाखला नाही म्हणून पहिली ते दहावीपर्यंत प्रवेश अडवू नका. म्हणजे आरटीई जिथे आठवीपर्यंत थांबतो, त्याच्या पुढे दोन इयत्ता.

एवढं सगळं स्पष्ट असताना अडतं कुठे? आपल्या शिक्षक मंडळींना हे सांगायला नको, पण पालकांसाठी सांगते, कारण त्यांना वाटतं की गुरुजी मुद्दाम अडवतात.

शाळेला शिक्षक किती मिळणार हे संचमान्यतेवर ठरतं. ती साधारण ३० सप्टेंबरच्या पटावर होते, आणि त्यातही ज्या मुलांचं आधार जुळलं आहे तीच मुलं मोजली जातात. कोयता घेऊन माणसं बाहेर पडतात ती त्यानंतर, दसरा-दिवाळीच्या आसपास. म्हणजे मूल गावच्या पटावर मोजलं जातं. दाखला दिला की पट कमी होतो, पट कमी झाला की पद जातं, अशी धास्ती गावच्या शाळेला असते. तिकडे कारखान्याजवळच्या शाळेला नोव्हेंबरमध्ये आलेल्या मुलामुळे पद वाढत नाही. वर्गात मात्र पंधरा मुलं वाढतात. ती एप्रिलमध्ये निघून जाणार हेही माहीत असतं. त्यात ऑनलाइन पोर्टलवर जुन्या शाळेने विनंती मंजूर केल्याशिवाय मुलाचं नाव नव्या शाळेच्या लॉगिनला दिसत नाही. नाव दिसत नाही तर पोषण आहाराची नोंद कशी करायची, पुस्तकं कुठून द्यायची? मग कोणीतरी म्हणतं, "पुढच्या सोमवारी या." सोमवारची मजुरी बुडवून परत कोण येणार?

यात कोणी खलनायक नाही. पण मूल मात्र फडातच राहतं, वाढे गोळा करतं, लहान भावंडाला सांभाळतं.

माझं मत स्पष्ट आहे. कायद्यात पोर्टल नावाची वस्तूच नाही. पोर्टल ही झालेल्या प्रवेशाची नोंद आहे, ती प्रवेशाची अट होऊ शकत नाही. मुलाला आज वर्गात बसवा, जनरल रजिस्टरला किंवा निदान तात्पुरत्या हजेरीपटावर नाव घ्या, जुन्या शाळेला विनंती पाठवा, केंद्रप्रमुखांना लेखी कळवा. पोर्टल होईल तेव्हा होईल. आधारबद्दलही तेच. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधारच्या निकालात सांगितलं आहे की शाळेच्या प्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही, आणि आधार नाही म्हणून मुलाला कुठल्याही योजनेच्या लाभापासून वंचित ठेवता येणार नाही. आपल्याकडे आधार मागतात ते मुलाच्या नाही, संचमान्यतेच्या गरजेपोटी. पालकांना हा फरक समजावून सांगा. आधार काढायला मदत करा. पण "आधार आणा, मग पाहू" म्हणू नका.

गेल्या काही वर्षांपासून 'शिक्षण हमी कार्ड' आहे, ते वापरा. मूल गाव सोडून जाणार हे आपल्याला आधी कळतंच. मुकादमाची उचल घेतली की गावभर माहीत होतं. तेव्हाच कार्ड भरून, त्यात मुलाची इयत्ता आणि वाचन-गणिताची पातळी लिहून, ते आईच्या हाती द्यायचं. आमच्या शाळेत एकीने ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवलं होतं. पोरगी दुसरीत होती. तिकडच्या शाळेतल्या बाईंनी कार्ड पाहून त्याच दिवशी तिला वर्गात बसवलं, आणि एप्रिलमध्ये परत आली तेव्हा पोरगी जोडाक्षरं वाचत होती. सगळीकडे असं होतं असं नाही. त्याच वस्तीवरची दुसरी दोन मुलं कार्ड असूनही पाच महिने शाळेबाहेर राहिली, कारण फडापासून शाळेची वाट हमरस्त्यावरून जात होती आणि सोडायला कोणी नव्हतं. महाराष्ट्राच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. शाळा नसेल तिथे वाहतुकीची सोय शासनाने करायची. पण फडाचं अंतर रोज बदलतं, ते कुठल्या नकाशावर नसतं.

ज्यांना शक्य आहे त्यांनी मूल आजी-आजोबांकडे गावातच ठेवावं, हंगामी वसतिगृहातून जेवणाची सोय होते. मात्र हा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीने वेळेत पाठवावा लागतो. कोयते निघून गेल्यावर मंजुरी आली तर तिचा उपयोग शून्य.

नापास करायचं की नाही?

या प्रश्नावर शिक्षकांच्या ग्रुपवर दर मार्चमध्ये भांडण होतं, म्हणून थोडक्यात सांगते. मूळ कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवता येत नव्हतं. २०१९ मध्ये संसदेने दुरुस्ती केली आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा घेण्याची, नापास झाल्यास दोन महिन्यांत फेरपरीक्षा घेण्याची, त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात ठेवायचं की नाही हे ठरवण्याची मोकळीक राज्यांना दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून ती अमलात आणली. बाकीच्या इयत्तांना आजही हे लागू नाही. म्हणजे तिसरीच्या मुलाला "तुला इथेच बसवेन" असं सांगणं कायद्यात बसत नाही.

दोन गोष्टी मात्र विसरल्या जातात. एक म्हणजे, फेरपरीक्षेच्या आधी त्या मुलाला जादा मार्गदर्शन देणं कायद्यातच आहे. ते दिलं नाही आणि नुसता पेपर पुढे टाकला, तर ती फेरपरीक्षा अर्धवटच. दुसरी गोष्ट, दुरुस्तीनंतरही शाळेतून काढून टाकायला बंदी कायम आहे. कितीही नापास होवो, कितीही दंगा करो, आठवी होईपर्यंत मुलाचं नाव काढता येत नाही. "दाखला घेऊन जा तुमच्या पोराला" हे वाक्य बेकायदेशीर आहे. तरीही ते मी अनेक शाळांच्या व्हरांड्यात ऐकलं आहे.

छडीबद्दल

कलम १७. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी. करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई. शारीरिक शिक्षा आता बरीच कमी झाली आहे, निदान लपून तरी होते. मानसिक छळ मात्र अजून लोकांना गुन्हा वाटतच नाही. ढ मुलांची वेगळी रांग, वस्तीच्या नावाने हाक मारणं, "आली परत कोयत्याची पोरं" असं वर्गासमोर बोलणं, पोटाला चिमटा काढून आई-बाप कष्ट करतात ते सुनावणं. मूल हे घरी सांगत नाही. फक्त हळूहळू यायचं बंद होतं, आणि आपण हजेरीपटावर 'सतत गैरहजर' असा शेरा मारतो.

पालकांनाही एक विनंती आहे. "गुरुजी, हाडं आमची, कातडं तुमचं, बिनधास्त मारा," असं प्रेमाने सांगणारे आजोबा अजूनही भेटतात. आजोबा, तुमची परवानगी असली तरी कायद्याची नाही.

लैंगिक छळाची गोष्ट याहून गंभीर आहे आणि ती वेगळ्या कायद्यात येते. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'शाळेची बदनामी नको' म्हणून दाबून ठेवणारा स्वतःच गुन्हेगार ठरतो. शाळेतली तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यासाठीच आहे. पेटीला कुलूप आहे आणि किल्ली कुठे आहे हे कोणालाच आठवत नाही, अशी अवस्था असेल तर ती उद्याच शोधा. मुलांना १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पाढ्यासारखा पाठ हवा.

खिचडी हा उपकार नाही

दुपारच्या जेवणाकडे अजूनही 'सरकार देतंय, गोड मानून घ्या' अशा नजरेने पाहिलं जातं. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंतच्या मुलाला सुट्टीचे दिवस सोडून रोज मोफत जेवण हा हक्क आहे. प्राथमिकला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, उच्च प्राथमिकला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं हे प्रमाणही मूळ कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं होतं. २०१५ चे नियम पुढे जाऊन सांगतात की शाळेच्या दिवशी जेवण मिळालं नाही, तर त्या दिवसाचं धान्य आणि शिजवण्याच्या खर्चाचे पैसे अन्नसुरक्षा भत्ता म्हणून मुलाला द्यायचे. हा भत्ता मिळालेला पालक मला अजून भेटलेला नाही. मागणाराही नाही.

इथे शिक्षकांची अडचणही सांगायला हवी. तांदूळ संपतो, इंधन-भाजीपाल्याचं अनुदान महिनोन्‌महिने येत नाही, स्वयंपाकी ताईंचं मानधन थकतं, आणि मुख्याध्यापक किराणा दुकानात स्वतःच्या नावावर उधारी लिहितात. हे सगळं समितीच्या प्रोसिडिंगमध्ये लिहा. तोंडी कुरकुर ऑफिसपर्यंत पोचत नाही.

समिती: सह्यांपुरती की कामापुरती?

कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या महिला. वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. अध्यक्ष पालकांमधून, सचिव मुख्याध्यापक. मिळालेलं अनुदान कसं खर्च झालं हे पाहणं आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणं हा समितीचा कायदेशीर अधिकार आहे.

प्रत्यक्षात प्रोसिडिंग घरी पाठवून सह्या घेतल्या जातात. महिला सदस्याची सही तिच्या मालकाने केलेली असते. मी पालकांना एकच सुचवते, की बैठकीला आलात तर परिशिष्ट वाचून दाखवायला सांगा. आरटीईच्या शेवटी एक परिशिष्ट जोडलेलं आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन. प्रत्येक शिक्षकाला एक खोली. मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं शुद्ध पाणी, खेळाचं मैदान, कुंपण, ग्रंथालय, दिव्यांग मुलाला येता येईल असा रस्ता. पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास शिकवणं. ही यादी हातात घेऊन शाळेभोवती एक चक्कर मारा. जे नाही ते लिहून काढा. तोच तुमचा विकास आराखडा.

स्वच्छतागृहाबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच सगळ्या राज्यांना सहा महिन्यांत सोय करायला सांगितलं होतं. आपल्याकडे बांधकाम झालेलं असतं, पाणी नसतं. सातवीतल्या मुली महिन्यातले चार दिवस का येत नाहीत, हे पुरुष सदस्यांनी भरलेल्या बैठकीत कोणी विचारत नाही. म्हणून त्या निम्म्या महिला प्रत्यक्ष खुर्चीवर बसलेल्या हव्यात.

दोन शिक्षकांच्या तरतुदीबद्दल आणखी एक. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा गावोगावी याच कायद्याचा आधार घेऊन विरोध झाला. समूह शाळेत खेळ, प्रयोगशाळा, सोबती जास्त मिळतात हे खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण वस्तीवरच्या सहा वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून बसने पाठवायचं ठरवताना तिच्या आईला विचारलं पाहिजे. बस दोन दिवस आली नाही की मुलगा चालत जातो, मुलगी घरी राहते.

आठवीनंतर काय?

हा या कायद्याचा सगळ्यात दुबळा भाग. सहा ते चौदा, पहिली ते आठवी, इथेच तो थांबतो. त्याआधीच्या अंगणवाडीबद्दल कलम ११ फक्त 'शासन व्यवस्था करू शकेल' एवढंच म्हणतं. नववी-दहावीबद्दल काहीच नाही. दिव्यांग मुलांना २०१६ च्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, बाकीच्यांना नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा वर्षांपर्यंतचा विचार आहे, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे.

आठवी झालेली मुलगी चौदा वर्षांची असते. हायस्कूल दुसऱ्या गावात. त्याच वर्षी कोयत्याची जोडी म्हणून तिच्याकडे पाहायला सुरुवात होते, कारण उचल जोडीवर मिळते, एकट्याला नाही. आठवीच्या निकालापासून नववीच्या प्रवेशापर्यंतचे जे सहा-सात आठवडे असतात, त्यात तिचं पुढचं आयुष्य ठरून जातं. कायद्याने आपल्यावर त्यानंतरची जबाबदारी टाकलेली नाही. तरी आठवीच्या वर्गशिक्षकांनी जूनमध्ये प्रत्येक मुलीच्या घरी एक फोन करावा, नववीत नाव घातलं का म्हणून विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

तक्रार कुठे करायची?

कलम ३२ सोपं आहे. मुलाच्या हक्काबद्दल कोणाचीही तक्रार असेल, आणि 'कोणाचीही' म्हणजे पालकाचीच असं नाही, तर ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्यायची. गावात जिल्हा परिषद, शहरात नगरपरिषद किंवा महानगरपालिका. व्यवहारात पहिला अर्ज मुख्याध्यापकांना, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा आहे. तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. प्रवेश अडला असेल तर तीन महिने थांबणं परवडत नाही, म्हणून केंद्रप्रमुखांना त्याच दिवशी फोन करा. शंभरातले नव्वद प्रश्न तिथेच सुटतात, असा माझा अनुभव.

ज्यांना लिहायची सवय नाही त्यांच्यासाठी नमुना देते. वहीच्या पानावर लिहिला तरी चालतो.

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ..........

विषय : पाल्यास कलम ५ व १४ प्रमाणे त्वरित प्रवेश मिळणेबाबत.

महोदय,
माझा मुलगा / मुलगी .......... वय .......... हा / ही यापूर्वी .......... येथील शाळेत इयत्ता .......... मध्ये शिकत होता / होती. कामानिमित्त आम्ही सध्या .......... येथे राहत आहोत. शाळा सोडल्याचा दाखला / जन्माचा दाखला / आधार अजून उपलब्ध नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मधील कलम ५ व १४ नुसार या कारणाने प्रवेश थांबवता येत नाही. तरी पाल्यास आजच वयानुरूप वर्गात दाखल करून घ्यावे. प्रवेश देता येत नसल्यास त्याचे कारण लेखी द्यावे, ही विनंती.

दिनांक ..........          पालकाची सही / अंगठा ..........

प्रत : मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती ..........

अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर शाळेचा शिक्का व तारीख टाकून पोच घ्या. शेवटचं 'कारण लेखी द्यावे' हे वाक्य गाळू नका. तोंडी नाही म्हणणारे बरेच असतात, लेखी नाही म्हणायला सहसा कोणी तयार होत नाही. आणि शिक्षक मित्रांनो, ज्या पालकांना लिहिता येत नाही त्यांचा हा अर्ज आपणच लिहून द्यायचा आहे, अगदी तो आपल्याच शाळेच्या विरोधात असला तरी.